धाकटीचं भिंग

नाना मुंबईहून परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत नेहमीची फिल्मची रिळं आणि फोटोचे कागद होते, आणि त्याखाली एक कातडी डबी होती. नाना म्हणजे माझे सासरे. धुळ्याला आग्रा रोडवर आमचा फोटो स्टुडिओ होता आणि सामान आणायला ते अधूनमधून मुंबईला जात. ती डबी त्यांनी कुणाला न दाखवता फडताळात सरकवली, पण मी पाहिली. आकारावरूनच कळलं की आत भिंग आहे. मला वाटलं, माझ्यासाठीच असणार. घरात कॅमेरा धरणारी बाई एकच होती, ती मी.

मी सातवी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा फोटो म्हणजे आपण खुर्चीवर ताठ बसायचं आणि समोरच्यानं काळ्या कापडात डोकं घालायचं, एवढंच मला माहीत. पण धुळ्यातल्या मारवाडी व्यापाऱ्यांच्या घरी लग्न निघालं की नानांची पंचाईत व्हायची. मांडवातले फोटो ते काढत, पण बायकांच्या खोलीत त्यांना मज्जाव. घुंगट घेतलेल्या बायका परक्या पुरुषापुढे कशा बसणार? एका शेठाणीनं निरोप धाडला की तुमच्या घरची बाई येईल तर नवरीचा फोटो काढू. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला शिकवायला सुरुवात केली. हे, म्हणजे माझे यजमान, दुकानात बसत आणि फोटोंना रंग देत. त्यांना काही हरकत नव्हती. सासूबाईंना होती, पण नानांपुढे त्यांचं चाललं नाही.

माझ्यासाठी म्हणून नानांनी एक जपानी कॅमेरा मिळवला. त्याच्या पुढचं भिंग रुंद तोंडाचं, आत पाहिलं तर विहिरीसारखं खोल. त्याला उजेड फार लागत नसे. आतल्या खोलीत एखादा झरोका असला, समई असली, तरी पुरे. फ्लॅशचा बल्ब फुटला की त्या बायका दचकत, पोरं रडायला लागत, म्हणून हे भिंग मला वरदानच होतं. त्याची खोड एकच होती. तोंड पूर्ण उघडलं की नजर फार बारीक पडायची. डोळा धरला तर कान धूसर, आणि नाक धरलं तर डोळाच गेला. पहिली दोन लग्नं माझी अशीच वाया गेली. मग हात बसला. बायका हलतात, हसतात, पदर सावरतात. मीही त्यांच्याबरोबर मागेपुढे व्हायला शिकले आणि डोळा काही सुटू दिला नाही. दोंडाईच्यापासून सोनगीरपर्यंत लोक मला ‘फोटोवाली बाई’ म्हणून ओळखायला लागले.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं. ते शेतकी खात्यात होते. बायको जळगावची, वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. दिसायला साधी, बोलायला मऊ, आणि मला पहिल्या दिवसापासून ‘अक्का’ म्हणायची. दुपारी कामं आटोपली की परसातल्या झाडाचं पान घेऊन बसायची आणि पेन्सिलीनं त्याच्या शिरा काढायची. इतक्या बारीक, की नानांनी एकदा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मुंबईहून आले त्याच दिवशी जेवताना नानांनी ती डबी काढली. मी चुलीपाशी कळण्याची भाकरी थापत होते. मी हात पुसायला लागले. नाना म्हणाले, “धाकटे, हे घे. ह्यानं मुंगीचे पायसुद्धा मोजता येतात.”

हात पुसून झाले होते. मी पुन्हा पीठ घेतलं. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा सासूबाई काही बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं मी त्या घरात होते. मला नवं काही हवं का, असं नानांनी कधी विचारलं नव्हतं. ही येऊन चार महिने झाले नव्हते.

ही भिंगं बसतील असा कॅमेरा मात्र एकच. भिंगं दोन आणि धनिणी दोन. एक काढायचं, दुसरं लावायचं. नानांना असल्या गोष्टीत लहान मुलासारखा हुरूप. पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही भिंगांची परीक्षाच घ्यायची ठरवली. परसात सासूबाईंना पाटावर बसवलं. आधी माझं भिंग लावून मी त्यांचा चेहरा काढला, मग नवं लावून धाकटीनं. माझं काम झटक्यात झालं. तिनं मात्र स्टँड मांडला, कॅमेरा कसला, पाट दोनदा सरकवला आणि “आई, जरा हलू नका हं, अजून थोडं” असं म्हणत सासूबाईंना इतका वेळ बसवून ठेवलं की त्या कंटाळून निम्म्या झाल्या.

“असंच असतं,” नाना आम्हा दोघींना समजावून सांगत होते. “मोठीचं भिंग अंधारात बघतं, पण दोन फुटांच्या आत आंधळं. धाकटीचं भिंग नाकाला नाक लावून बघतं, पण त्याला उजेड लागतो. आणि धीर लागतो.”

धीर. म्हणजे मला धीर नव्हता? तो शब्द मला कुसळासारखा बोचला आणि बरेच दिवस निघाला नाही.

फोटो धुऊन आले तेव्हा मात्र मला बरं वाटलं. माझ्या फोटोत सासूबाई दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. मागची भिंत विरघळून गेलेली, चेहऱ्यावर मऊ उजेड. धाकटीच्या फोटोत प्रत्येक सुरकुती, हनुवटीवरचा केस, कपाळावर गोंदलेले ठिपके, सगळं मोजून घ्यावं असं. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि कडाडल्या, “हाई कोन शे वं? मी काय इतली म्हातारी व्हयनी?” त्यांनी तो फोटो पालथा घातला आणि माझा देवघरात नेऊन ठेवला. धाकटी हिरमुसली. मी तिला म्हटलं, “जाऊ दे गं, ते किड्यांचं भिंग आहे, माणसांचं नाही.” घरात ते नाव रूढ झालं. ती स्वतःसुद्धा हसत तेच म्हणायला लागली, आणि त्यातली माझी मजा निघून गेली.

ती खरंच किड्यांच्या मागे लागली. दिरांबरोबर शेतांवर जायची. कापसाच्या बोंडात तोंड खुपसलेली अळी, पानामागे चिकटलेली अंडी, मावा किडीला चाटणाऱ्या मुंग्या. एका अळीच्या फोटोवर नाना इतके खूश झाले की त्यांनी तो पाटीएवढा मोठा करून घेतला आणि स्टुडिओच्या दर्शनी कपाटात लावला. त्या जागी आधी माझा एक फोटो होता, माझ्या नणंदेचा, नवरीच्या वेषातला. तो खालच्या फळीवर गेला.

यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण मी काढलेले फोटो शेठजींच्या घरी पेटीत, रेशमी रुमालात गुंडाळून ठेवलेले असत. परक्या पुरुषाच्या नजरेला ते पडायचे नाहीत, ही तर पहिलीच अट. मी इतक्या नवऱ्या काढल्या, गावानं त्यांतली एकही पाहिली नाही. नणंद घरची, म्हणून तिचा फोटो बाहेर लावता आला. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा माझा तो एकच फोटो होता. तो एका अळीसाठी खाली सरकला.

त्याच वर्षी जामनेरला शेतकी प्रदर्शन भरलं. दिरांनी धाकटीचे फोटो तिथे नेले. मीही गेले, माझ्या पोरांचं खाणं आणि तिची पिशवी सांभाळायला. फोटो टांगल्याबरोबर गर्दी झाली. शेतकरी टोप्या मागे सारून जवळ जाऊन बघत होते. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला, अळीवर बोट ठेवून ओरडला, “हाईच! हाईच मना वावरमा शे!” मग चारजण त्याच्याभोवती, मग दहाजण, आणि साहेब लोकही आले. धाकटी बावरून पदराशी चाळा करत उभी होती. कुणीतरी मला विचारलं, “हे फोटो तुम्ही काढले?” मी म्हटलं, “नाही, माझ्या जावेनं.” तेवढं म्हणून मी पोरांचा डबा उघडायला वळले.

तेव्हापासून तिचं प्रत्येक काम माझ्या डोळ्यांत सलायला लागलं. मला लग्नाला जायचं असलं की कॅमेरा शेतावर गेलेला असे. तो आला की त्यावर मातीचा कण आहे का हे मी आधी शोधायची. कण कधी सापडला नाही. ती फुंकणीनं, मऊ फडक्यानं सगळं पुसून, माझं भिंग लावून मगच परत ठेवायची. तिची चूक सापडत नाही याचाही मला राग यायचा.

मग दोंडाईच्याच्या एका व्यापाऱ्याकडचं लग्न आलं. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न मी केलं होतं, म्हणजे फोटो मी काढले होते. आता धाकट्या मुलीचं होतं. शेठाणी स्वतः स्टुडिओत आल्या, अळीच्या फोटोसमोर थबकल्या आणि म्हणाल्या, “अय्या, किती जवळून! बाई, आमच्या मुलीची मेंदी अशी निघेल काय? आणि नथ? तुमच्या जावेला पण आणा हं.”

बायकांची खोली तेवढी माझी होती. तीही गेली.

आम्ही दोघी सकाळच्या एस.टी.नं निघालो. वाटेत तिनं मला विचारलं की नवरी हलत राहिली तर काय करायचं. मी म्हटलं, “तुझं तू बघ.” ती खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या घरात चांगल्या उजेडाची खिडकी एकच होती, आणि ती नवरीच्या आजीच्या खोलीत. आजी कित्येक महिने खाटेवर होत्या. अर्धं अंग गेलेलं, बोलणं बंद. माणसं ओळखतात की नाही हेही घरच्यांना नीट सांगता येत नव्हतं. धाकटीनं विचारलं, “इथे बसवलं तर चालेल?” शेठाणी म्हणाल्या, “त्यांना कुठं काय कळतं?” मग नवरीला खाटेच्या कडेवर, खिडकीकडे तोंड करून बसवलं, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात. धाकटीनं स्टँड मांडला, किड्यांचं भिंग लावलं आणि मेंदीच्या नक्षीत बुडून गेली. माझं भिंग माझ्या हातात. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि लग्नघरात मी कधी अशी उभी राहिले नव्हते. दोन मेंद्या निघाल्या, नथ निघाली. बायका कौतुकानं बघत होत्या. “छोटी बहू किती सबुरीनं करते!” एकजण म्हणाली.

एवढ्यात आजींचा चांगला हात हलला. तो हळूहळू चादरीवरून सरकत आला आणि त्यानं नवरीचा उशीवरचा हात धरला. आजींनी तो हात ओढून डोळ्यांपाशी नेला, अगदी जवळ, जसं कमी दिसणारी माणसं नेतात तसा. मेंदी बघितली. मग नाकाशी नेऊन वास घेतला. नवरी वाकली, तिचा चेहरा आजींच्या चेहऱ्यापाशी आला.

धाकटी गोठल्यासारखी उभी होती. मग एकदम तिनं भिंगाला हात घातला. “अक्का, तुमचं लावते, द्या लवकर!” आणि ते फिरवून काढायला लागली.

“हात काढ,” मी म्हटलं.

भिंग बदलेपर्यंत ते संपलं असतं. मी कॅमेरा स्टँडवरून तसाच उचलला, गुडघ्यांवर बसले आणि कोपरं खाटेच्या लाकडी कडेला टेकली. त्या भिंगाची नजर जुळवायची कडी लांबलचक फिरते. माझ्या भिंगाला चिमूटभर फिरवलं की पुरे, हे फिरवतच राहायचं. आत सगळं अंधुक होतं, मग हळूच आजींची बोटं वर आली, मग बोटांपलीकडचा डोळा. उजेड माझ्या सवयीच्या मानानं फारच कमी होता. मी वेग अगदी खाली आणला, श्वास रोखला आणि दाबलं. झाकण उघडून मिटायला जो वेळ लागला तो मला अजून आठवतो. पुन्हा दाबायच्या आत आजींचा हात खाली पडला होता. शेठाणी पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. खोलीभर बायका रडत होत्या.

लग्न आटोपून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी डार्करूममध्ये गेलो. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात कागद हलवत. आधी मेंदीची नक्षी आली, मग म्हातारीची बोटं, त्यांच्या सांध्यांवरच्या घड्या, नखांवरच्या रेघा. मग नवरीच्या पापणीला लटकलेलं पाणी. मी आजवर काढलेल्या एकाही फोटोत एवढं काही दिसलं नव्हतं. धाकटीनं माझं मनगट घट्ट धरलं. “अक्का,” एवढंच म्हणाली.

ओला फोटो घेऊन आम्ही बाहेर आलो. नानांनी तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “धाकटे, जिंकलीस गं पोरी.”

“नाना, हा अक्कांनी काढलाय,” ती लगेच म्हणाली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते. ते पुन्हा फोटोकडे वळले आणि म्हणाले, “असं? पण भिंग त्याचं काम करतंच बघ. मी उगाच नव्हतं आणलं.”

आजी लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. त्या घरानं तो फोटो मोठा करून मागवला आणि आजवर कुठल्याच घरानं लावला नव्हता तसा दिवाणखान्यात लावला. आल्यागेल्यानं पाहिला. पेढीवर येणाऱ्या पुरुषांनी पाहिला. माझा फोटो, बाहेरच्या जगानं पाहिलेला. आणि सगळ्या खानदेशात बोललं जाई ते असं, की धुळ्याच्या स्टुडिओतल्या छोट्या बहूनं काढलाय, ती किड्यांचे फोटो काढते ना, ती. स्टुडिओत निरोप येत, “छोट्या बाईंना पाठवा.” धाकटी प्रत्येकाला सांगायची, “तो माझा नव्हे हो, आमच्या अक्कांचा.” लोक ऐकत आणि म्हणत, बघा, काय मन आहे, जावेला मोठेपणा देते! ती जितकं खरं सांगे तितकी तिची वाहवा होई. फोटोही तिचा झाला आणि मनाचा मोठेपणाही तिचाच. तिनं खोटं बोलून तो फोटो सरळ चोरला असता तर मी भांडले तरी असते.

पुढे दिरांची बदली जळगावला झाली. निघताना नानांनी भिंग तिच्या पेटीत घातलं. कॅमेरा माझ्याकडे राहिला. पाठवणीला सगळे रडले, मीही रडले, पण टांगा गल्लीच्या तोंडाशी वळल्याबरोबर मी स्टुडिओत जाऊन कपाटातली अळी काढली आणि नणंदेला वर चढवलं. नाना बघत होते.

ते समाधान फार टिकलं नाही. आता प्रत्येक लग्नात मेंदीचा, बोरमाळेचा, नथीचा जवळचा फोटो मागत. माझं भिंग दोन फुटांच्या आत आंधळं. मी नानांचं वाचायचं भिंग पुढे धरून बघितलं, तर मधला रुपयाएवढा भाग दिसे आणि कडेचं सगळं पाण्यात पडल्यासारखं. नाना त्यावर मनापासून हसले. मला हसू आलं नाही.

तिकडे धाकटीला कॉलेजात नोकरी लागली. तिनं तिथे जुना का होईना, दुसरा कॅमेरा मिळवला. धुळ्याला आली की जळगावच्या केळीच्या पानांचे, त्यांवरच्या रोगांचे फोटो दाखवायची. मी ‘छान’ म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

एकदा धुळ्यातल्या एका मोठ्या घरचं लग्न ठरलं. नवरीची आई हटून बसली, की फोटो हवेत ते त्या आजीच्या फोटोसारखे, तसल्याच भिंगानं काढलेले. मी हो म्हणून बसले. मग मुकाट्यानं जळगावची गाडी धरली. आयुष्यात धाकटीकडे काही मागायला मी पहिल्यांदा जात होते, आणि वाटभर मला खात्री होती की ती लगेच देईल, वर डबी पुसून देईल, आणि त्या देण्याचं ओझं मी घेऊन येईन.

जेवणं झाली. भरीत, कळण्याची भाकरी, सगळं माझ्या आवडीचं तिनं केलं होतं. मी विषय काढला. ती ताट उचलत होती, ती तशीच थांबली.

“चार दिवसांसाठी फक्त,” मी म्हटलं. “लग्न झालं की ह्यांच्या हाती धाडते.”

तिनं ताट खाली ठेवलं. “अक्का, दुसरं काहीही मागा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “का गं? तुझं काही काम आहे का?”

“काम नाही.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “एकदा तुमच्या हातात गेलं, आणि त्यातला सगळ्यांत चांगला फोटो तुमचा झाला. तेवढं पुरे.”

तिचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. आणि मला राग यायला हवा होता, अपमान वाटायला हवा होता, पण वाटलं ते भलतंच. डोक्यावरचं पाण्यानं भरलेलं बिंदगं कुणी उतरवून घ्यावं तसं मला वाटलं. मी तिथेच पाटावर बसून हसायला लागले. ती आधी घाबरली, मग तीही हसली, मग थोडी रडली.

“मग तूच ये धुळ्याला,” मी म्हटलं. “भिंग घेऊन. पण माझ्या खोलीत पाय ठेवायचा नाही.”

“आणि तुम्ही माझ्या स्टँडला हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

ती आली. त्या लग्नात पहिल्यांदाच आम्हा दोघींच्या हातात दोन कॅमेरे होते. दिवसभर ती पडवीत उजेडाला बसून मेंद्या आणि दागिने काढत होती, आणि मी आत, झरोक्याच्या उजेडात, नवरीच्या मागेपुढे फिरत होते. मधूनमधून मी दाराआडून डोकावून बघायची, तिच्याभोवती किती बायका जमल्यात ते. दोनदा बघायला गेले, तर ती आपलं काम सोडून दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, माझ्याकडे बघत.